तळणीच्या तेलावर घाटापलीकडे

तामोत्सु ओइकावाचा जुना डिझेल पिकअप ट्रक टेकडीवरच्या वस्तीतून गेला की पाठीमागे तळणीचा वास बराच वेळ रेंगाळायचा. खाणावळी आणि शाळेच्या स्वयंपाकघरातून मागून आणलेल्या वापरलेल्या तेलावर तो ट्रक चालायचा. तामोत्सु होता बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. त्याने ट्रकच्या हौद्यात, केबिनला लागून, तेलाची वेगळी टाकी बसवली होती आणि इंजिनाचं गरम पाणी तिच्याभोवती फिरवलं होतं. सुरुवात डिझेलवर करायची, इंजिन चांगलं तापलं की डॅशबोर्डखालची इंधनाच्या नळीची चावी तेलाकडे फिरवायची, आणि गाडी थांबवायच्या आधी पुन्हा डिझेलकडे, म्हणजे नळ्यांत तेल थिजून बसत नाही. एवढंच काय ते तंत्र. पण त्यापायी घराच्या मागे पिंपांची रांग लागली होती आणि तेल गाळायला बायकोचे पायमोजे एकेक करून नाहीसे होत होते.

"अहो, माझे काळे मोजे कुठे गेले?"

"कामाला लागले."

बायकोचं नाव किनुको. घराच्या पुढच्या खोलीत तिचं बटाट्याच्या कटलेटांचं दुकान होतं. कटलेटं ती डुकराच्या चरबीत तळायची, आणि म्हणूनच तिच्या कढईतलं तेल तामोत्सु कधी घेत नसे.

"तुझं थंडीत मेणासारखं घट्ट होतं गं. जरा साध्या तेलात तळून बघ की."

"आणि मग गिऱ्हाइकं काय तुमचा ट्रक खायला येतील?"

असं दर रविवारी चालायचं.

शेजारी इवाबुची मास्तर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं मोजकं. एकदा वस्तीच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या वाळत घातलेल्या शर्टांना तळलेल्या मासळीचा वास येतो. देवळात जाऊन बसलो तर शेजारच्याला भूक लागते." सगळे हसले, मास्तर हसले नाहीत. त्या दिवसापासून तामोत्सु ट्रक गल्लीच्या पार टोकाला उभा करू लागला. दोन्ही घरांत फक्त नमस्कारापुरतं बोलणं उरलं. मास्तरांच्या पत्नी मित्सुएबाई तेवढ्या मागच्या दाराने कटलेटं न्यायला यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "मला तर आवडतो हो तो वास."

मार्चमधल्या त्या दुपारी जमीन हादरली, हादरतच राहिली. थांबली तेव्हा तामोत्सु दारात बूट चढवत होता. त्याच्या मित्राची म्हातारी आई खाली धक्क्याजवळ एकटी राहायची. तिला आणायला तो निघाला.

"ट्रक घेऊन जा," किनुको म्हणाली. "उंच आहे. बरा."

"तो तापेपर्यंत म्हातारी माझी वाट बघून चालत वर येईल," तो म्हणाला, आणि छोटी व्हॅन घेऊन उतारावरून गेला.

मग समुद्र आत आला. टेकडीवरच्या लोकांनी तो वरून पाहिला. किनुकोनेही पाहिला.

खालचं गाव उरलं नाही. वीज नव्हती, पेट्रोल नव्हतं, रॉकेल नव्हतं. सापडलेल्या माणसांना शाळेच्या व्यायामशाळेत ओळीने ठेवत होते. नातेवाईक रोज तिकडे जायचे आणि एकेका चेहऱ्यावरचं कापड बाजूला करून बघायचे. किनुको गेली नाही. कुणी चल म्हणालं की ती म्हणायची, "मी तिकडे गेले आणि इकडे हे आले तर? दार कोण उघडणार?" दोन-तीनदा असं ऐकल्यावर लोकांनी विचारणं सोडून दिलं.

मित्सुएबाई त्या दिवशी स्टेशनजवळ केस कापायला गेल्या होत्या. त्या सापडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इवाबुची मास्तर किनुकोच्या दाराशी आले. दाढी वाढलेली, कोटाचं एक बटण भलत्याच काजात गेलेलं. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि वाकलेलेच राहिले.

"मास्तर, आत या ना. बाहेर बर्फ पडतंय."

"किनुकोबाई, कोणत्या तोंडाने मागू कळत नाही."

"आधी सरळ तर उभे राहा."

मास्तर उभे राहिले. म्हणाले, "स्मशानातल्या भट्टीला तेल नाही. म्हणतात, सध्या जमिनीत पुरा, दोन वर्षांनी काढून दहन करू. आमच्या हिला..." ते थांबले. "तिला थंडी सोसत नाही हो. ऑगस्टमध्येसुद्धा मोजे घालून झोपायची. ओल्या मातीत नाही ठेवणार मी तिला."

घाटापलीकडच्या गावातली भट्टी सुरू होती. तिथे काम करणारा मास्तरांचा जुना विद्यार्थी जागा धरून ठेवतो म्हणाला होता. पण न्यायला गाडी नव्हती. शववाहिन्याही पेट्रोलवाचून उभ्या होत्या.

किनुकोने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. ट्रकवर वीतभर बर्फ साचलं होतं.

"मी तो कधी चालवलेला नाही," ती म्हणाली. "आणि चांगलं तेल भूकंपात सगळं सांडलं. पिंपंच आडवी झाली. टाकीत थोडं असेल. बाकी आहे ते माझ्या कढईतलं, चरबीचं."

मास्तरांनी आग्रह केला नाही. नाही म्हणायची सोय त्यांनी मोकळी ठेवली होती. तीच तिला सहन होईना.

"बघते," ती म्हणाली.

अंगणात चूल मांडून तिने डब्यांतलं चरबीचं तेल वितळवलं आणि आपल्याच शेवटच्या मोज्यांतून गाळलं. तामोत्सुला हे करताना तिने इतकी वर्षं नावं ठेवत पाहिलं होतं. हात आपोआप चालत होते. डिझेलचा एकच डबा निघाला, तोही अर्धा. इंजिन पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि मग धडधडायला लागलं. तापमानाच्या काट्याकडे बघत ती बसून राहिली. तो वर चढल्यावर तिने चावी फिरवली. थोड्या वेळाने गल्लीत तो ओळखीचा वास पसरला, आणि तिला एकदम दार उघडून खाली उतरावंसं वाटलं. ती उतरली नाही.

वस्तीतल्या चौघांनी पांढऱ्या लाकडाची पेटी हौद्यात ठेवली, वरून ताडपत्री बांधली. मास्तर बराच वेळ ताडपत्रीखाली हात घालून काहीतरी सारखं करत होते. मग येऊन शेजारी बसले.

"हीटर नाही हं यात," किनुको म्हणाली. "सगळं गरम पाणी तेलालाच जातं. आमच्या ह्यांना माणसांपेक्षा तेलाची काळजी."

"असू दे," मास्तर म्हणाले.

घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी नीट चालली. चढ लागला, वारा सुटला आणि बर्फ आडवं येऊ लागलं. अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज पातळ झाला. किनुकोने पाय दाबला, पण गाडी ओढेना. एक आचका बसला, मग दुसरा.

"काय झालं?"

"थिजलं," ती म्हणाली आणि चावी डिझेलकडे फिरवली. इंजिन सावरलं. गाडी कडेला घेऊन तिने ती चालूच ठेवली. डिझेलचा काटा तळाला टेकत आला होता. उतरून तिने टाकीजवळची गाळणी चाचपली. तिची काचेची डबी बर्फासारखी गार होती आणि आतून चरबी पांढरी धरली होती.

"माझंच तेल," ती स्वतःशी म्हणाली. "आमचे हे सांगत होते हो. इतक्यांदा सांगत होते."

तिने गळ्यातला मफलर काढून डबीभोवती गुंडाळला, दोन्ही तळव्यांनी धरून ठेवला, तोंडाची वाफ सोडली. काही होईना. डिझेल संपलं की इंजिन बंद, आणि मग या वाऱ्यात, या रस्त्यावर, पेटीसकट दोघं.

"गरम काही आहे का, मास्तर? चहा, पाणी, काहीही?"

मास्तर हौद्याच्या कडेला उभे होते. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पेटीकडे. मग ते वर चढले. ताडपत्रीची दोरी सोडली, गुडघ्यांवर बसून पेटीचं झाकण पायाकडून थोडं सरकवलं आणि आत हात घातला. बाहेर काढली ती फडक्यात बांधलेली गरम पाण्याची पिशवी. निघताना पत्नीच्या पायांशी ठेवलेली.

"वेडेपणा आहे," ते म्हणाले. "मला माहीत आहे. पण रोज रात्री मीच भरून द्यायचो."

किनुकोने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. अजून चांगली कढत होती. तिने ती डबीला लावून वरून मफलर आवळला. मास्तरांनी आपला कोट काढून नळीभोवती धरला. दोघं वाऱ्याकडे पाठ करून बसले. खाली इंजिन उरलेलं डिझेल खात होतं.

चरबी हळूहळू पिवळी झाली, मग पातळ झाली.

"बसा," ती म्हणाली. पिशवी तशीच बांधून ठेवून ती आत आली आणि श्वास रोखून चावी फिरवली. इंजिन अडखळलं आणि पुन्हा लयीत आलं. गाडी वर चढू लागली. मास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. किनुकोने रस्त्यावरची नजर काढली नाही.

पलीकडच्या गावात मास्तरांचा विद्यार्थी फाटकातच उभा होता. आता तोही पिकल्या केसांचा. पेटी आत गेली. दोघं बाकावर बसून राहिले. कुणीतरी कढत चहा आणून दिला.

"त्या सभेत मी बोललो ना," मास्तर अचानक म्हणाले, "ते वासाचं नव्हतं."

"जाऊ द्या हो आता."

"नाही, ऐका. दर रविवारी तुम्हा दोघांचं भांडण ऐकू यायचं. मोजे, तेल, पिंपं. मग मध्येच हसणं. आमच्याकडे मी काही बोललो की ती 'बरं' म्हणायची. एवढंच. मीच तसं करून ठेवलं होतं घर." ते चहाच्या पेल्यात बघत राहिले. "मला ऐकवत नव्हतं ते."

किनुकोने आपला पेला खाली ठेवला. "त्या आमच्याकडे यायच्या तेव्हा भरपूर बोलायच्या," ती म्हणाली. "तुमच्याबद्दलच बोलायच्या. मास्तरांना कटलेट कडक आवडतं, मऊ नको, म्हणायच्या."

मास्तरांनी मान हलवली, पुन्हा हलवली.

अस्थी बाहेर आल्या तेव्हा तिथल्या माणसाने लांब काड्यांच्या दोन जोड्या पुढे केल्या. एक अस्थी दोघांनी मिळून उचलायची, कलशात ठेवायची. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "दुसरं कोण आहे?"

मास्तरांचा मुलगा परदेशात होता. विमानं बंद होती.

"मी आहे," किनुको म्हणाली.

पायांपासून सुरुवात करतात. दोघांच्या काड्यांमध्ये ती पहिली अस्थी धरली तेव्हा किनुकोच्या काड्या मध्येच अडल्या आणि मास्तरांना थांबावं लागलं.

"सावकाश," ते म्हणाले. "घाई नाही."

तिला रडू आलं. त्या दुपारपासून पहिल्यांदाच. मित्सुएबाईंसाठी आलं, आणि मास्तरांना दिसत होतं की फक्त त्यांच्यासाठी नाही. तिच्या माणसाचा इतकासा तुकडासुद्धा कुठे नव्हता, काड्यांनी उचलायला. मास्तर काड्या तशाच धरून थांबले. ती सावरली, आणि मग दोघांनी सगळं नीट, शेवटपर्यंत केलं.

परतीला मास्तरांच्या मांडीवर पांढऱ्या कापडात बांधलेला कलश होता. विद्यार्थ्याने स्वतःच्या शेतीच्या ट्रॅक्टरमधून थोडं डिझेल काढून दिलं होतं, पण तेल घर गाठण्याइतकं नव्हतं. गावाच्या वेशीवर एका शेवयांच्या खाणावळीतून धूर निघत होता. किनुकोने गाडी थांबवली. इतकी वर्षं तामोत्सु लोकांच्या मागच्या दारी टोपी काढून तेल मागायचा आणि तिला त्याची लाज वाटायची. आता ती मागच्या दाराशी गेली. खाणावळवाली हात पुसत बाहेर आली.

"वापरलेलं तेल असेल तर हवं होतं," किनुको वाकून म्हणाली. "गाडीसाठी. पण चरबीचं नको हं. घाटात थिजतं."

खाणावळवालीने ट्रककडे पाहिलं, आत बसलेल्या माणसाच्या मांडीवरचा कलश पाहिला. काही न विचारता तिने डबे बाहेर आणून दिले, आणि दोघांना आत बसवून शेवयांचे वाफाळते वाडगे पुढे ठेवले. कलशासाठी शेजारची खुर्ची ओढून घेतली.

गावी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. किनुकोच्या दाराशी एक जोडपं उभं होतं, त्यांची मुलगी व्यायामशाळेत होती. त्यांच्यामागे आणखी कुणीतरी होतं. पेट्रोल येईपर्यंत किनुको घाट चढत-उतरत राहिली. खाणावळवाली डबे भरून ठेवायची.

पण त्या संध्याकाळी तिने त्या जोडप्याला सांगितलं, "उद्या सकाळी एक काम आहे. ते करून तुमच्याकडे येते." मग मास्तरांना म्हणाली, "उद्या मी शाळेत जाणार आहे. बघायला."

"मी येतो," मास्तर म्हणाले.

तामोत्सु दुसऱ्या दिवशी शाळेत सापडला नाही, नंतरही कधी नाही. भाताच्या खाचरात व्हॅन सापडली, दारं उघडी होती. मित्राची आई तिच्या घराच्या ढिगाऱ्यात नव्हती, आणि इतर कुठेही सापडली नाही. किनुकोने ठरवून टाकलं की तो तिच्यापर्यंत पोचला होता.

ठरल्याप्रमाणे सकाळी ती व्यायामशाळेच्या दारात थोडा वेळ उभी राहिली. मग बूट काढून आत गेली. पहिल्या ओळीतल्या पहिल्या चेहऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली, कापड बाजूला केलं, पाहिलं, हात जोडले, कापड पूर्ववत केलं आणि पुढे सरकली. एकही चेहरा तिने वगळला नाही. मास्तर एक पाऊल मागे राहून तिच्याबरोबर सरकत होते, आणि तिने हात जोडले की तेही जोडत होते.