मास्तराच्या खुर्चीची गादी

वलगावचे देवमन ज्या दिवशी पुत्राची शाळा पाहण्यास अमरावतीस आले, त्या दिवशी त्यांच्या बगलेत एक नवीकोरी गादी होती. मास्तराच्या खुर्चीकरिता त्यांच्या पत्नी सुंदराबाईंनी ती स्वहस्ते शिवली होती.

वडिलांना दारात पाहताच प्रीतम मनातून खचला. बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून तो या बालवाडीत लागला होता, हे खरे. परंतु घरी त्याने एवढेच सांगितले होते, की मी मास्तर झालो. चिमुकल्यांची नाके पुसणे, त्यांना भरवणे, त्यांची शू-शी सांभाळणे हेही त्याच कामात येते, ही गोष्ट त्याने लपवून ठेवली होती. वडिलांच्या नजरेतून उतरण्याचे त्यास फार भय होते.

"तुही खुर्ची कोठी हाय बे?"

"इथं खुर्ची नसते, बाबा. लेकरं सतरंजीवर, मंग मीबी सतरंजीवर."

"असा कसा मास्तर तू? चपराशालेबी खुर्ची असते."

इतक्यात तीन वर्षांचा शिवम दाराआड जाऊन उभा राहिल्याचे प्रीतमच्या ध्यानी आले. चड्डी भरली होती. मदतनीस जमुनाबाई त्या दिवशी रजेवर होत्या. प्रीतमने एकवार वडिलांकडे पाहिले. मग त्याने बाह्या सरसावल्या आणि शिवमला मोरीकडे नेले.

देवमन मागोमाग आले. त्यांचा चेहरा काळवंडला होता.

"आपल्या आज्या-पणज्यानं गावाची मेली ढोरं ओढली, घाण काढली. म्हणून तुले शिकवलं मी. हेच कराले?"

प्रीतमचा हात थांबला नाही. "त्यायच्यावर जबरी होती, बाबा. मी हे शिकून आलो. याले आता कोणी हासलं ना, तं उद्या हा इथं पाय ठेवत नाही."

शिवम दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता. तेवढ्यात वर्गातली पिंकी डोकावली आणि खिदळली, "शिव्यानं केली, शिव्यानं केली."

देवमन गर्रकन वळले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी दारात आडवा धरला. "काय पाहून राहिली वं? तू का पोटातूनच शिकून आली?"

पिंकी पळाली. देवमनांनी बादलीत बोट बुडवले.

"थंड पाणी हाय लेका. ऊन घे. तुले असं धुतलं असतं, तं तू गाव गोळा केलं असतं."

"तुमी धुवत होते मले?"

"तुही माय वावरात निंदाले जाये. मंग कोण धुईन?"

कोरडी चड्डी घालूनही शिवम सतरंजीकडे जाईना. भिंतीला चिकटून उभाच. देवमनांनी ती नवीकोरी गादी प्रीतमच्या जागेशेजारी मांडली, हाताने थोपटली आणि स्वतः पलीकडे मांडी घातली. बराच वेळ विचार करून शिवम गादीवर येऊन बसला.

हे पाहताच पिंकीने देवमनांचा सदरा ओढला. "मले?"

"घरी जाऊन मायले काय सांगान, बाबा?" प्रीतमने हळूच विचारले.

देवमनांनी सतरंजीवरच्या लेकरांवरून नजर फिरवली. "सांगतो, एका गादीनं भागत नाही. अजून शिवा लागतीन."