न भाजलेली चकती

मी बोलतेय, पेणच्या पुंडलिक मूर्तिकारांच्या फळीवरून. चिनी मातीची असावी अशी दिसणारी, रुपयाच्या नाण्याएवढी चकती. हसू नका, माझ्यावर अख्ख्या विभागाचा जीव टांगला होता.

धाटावच्या एका कंपनीत माझा जन्म. माझ्या जातीला एरवी हजाराच्या वर अंशांच्या भट्टीत भाजतात. मी मात्र भुकटी, दोन थेंब द्रव, गरम साचा आणि वरून प्रचंड दाब, एवढ्यावर तीनशे अंशांच्या आतच घट्ट झाले. माझ्यातून फक्त ऑक्सिजन पलीकडे जावा, बाकी हवा अलीकडेच थांबावी, हे माझं काम. म्हणून अंगात भेग चालत नाही.

माझ्या चार बहिणी चाचणीत गळल्या. पाचवी मी. मीही गळले तर काम बंद, असं वरून सांगितल्याचं विभागाचे प्रमुख विशालसर म्हणाले होते.

पुंडलिकांची लेक नमिता तिथे काम करते. तिनेच मला साच्यातून काढलं. कडेला केसाएवढी भेग होती. तिचं बोट आपसूक उरलेल्या ओल्या भुकटीत बुडालं आणि भेगेवरून फिरलं. लहानपणापासून मूर्तींना हेच करत आलेली ना! मग तिचा चेहरा उतरला. वरून लिंपलं तरी आतली वाट उघडीच राहते, हे तिला ठाऊक होतं.

सर मला चिमट्यात धरून चाचणीच्या यंत्राकडे निघाले. नमिता दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. खरं सांगते, तिने गप्प बसावं असंच मला वाटत होतं. मला त्या यंत्रात बसायचं होतं हो!

"सर, ही लावू नका," ती म्हणाली. "भेग होती. मी लिंपलीय."

सरांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. मग म्हणाले, एकीपुरती भुकटी उरलीय, उद्या सहावी कर.

मला ती घरी घेऊन आली. न भाजलेली वस्तू विरघळणारच, म्हणून पुंडलिकांनी मला पाण्याच्या बादलीत टाकलं. सकाळी काढलं तर मी जशीच्या तशी.

"विरघळली नाय गो. मग बाद केलीस कशाला?"

नमिताने माझी कड पुढे केली. लिंपण धुऊन गेलं होतं. पुंडलिक भेगेवरून नख फिरवत राहिले, पण ओल्या मातीकडे त्यांचा हात गेला नाही.

आज सहावीची चाचणी. दिवे लागले, नमिता अजून आलेली नाही, आणि मला या फळीवर चैन नाही. सहावे बाई, भेग असलीच तर नमिताला दिसू दे. ती लपवायची नाही.

पण नसू दे गं.