आंब्याच्या अढीत बर्गंडी

मित्रांनो, नाकं मुरडू नका! मी एक रिकामी बाटली आहे. फ्रान्समधल्या बर्गंडीची लाल वाईन माझ्या पोटात होती. निशा तिकडे वाईनचं शिकायला गेली आणि येताना आम्हा दोघी बहिणींना वारज्याच्या घरी घेऊन आली. थंड, अंधाऱ्या कपाटात तिने आम्हाला आडवं निजवलं. काय जपायची म्हणून सांगू!

यंदा होळीला तिने माझी बहीण उघडली. पेला फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला. "वास दबलेला आहे, चव तुरट. अजून चार-पाच वर्षं हवीत," ती सासऱ्यांना, दत्तोबांना, म्हणाली.

मे महिन्यात एका हॉटेलच्या तळघरातल्या वाईन सांभाळायचं काम तिला मिळायच्या बेतात होतं. मालकीण पूर्णिमाबाईंची एकच अट. स्वतः जपलेली बाटली आणा, ती प्यायला तयार आहे की नाही ते आधी सांगा, मग उघडू. निशाने मला निवडलं.

दत्तोबांचा जीव खालीवर! सुनेने परीक्षेला कच्चा माल न्यायचा? उभा जन्म त्यांनी आंबे पिकवले होते. त्यांनी मला गुपचूप उचललं आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, आंब्यांच्या अढीत, पेंढ्याखाली पुरलं. आठवडाभर मी भाजून निघाले; थंडावा जाऊ नये म्हणून निशाने कपाट उघडलंच नाही. ओरडावंसं वाटे, पण तोंडाला बूच! परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पुसून परत कपाटात ठेवलं.

हॉटेलात निशा ठामपणे म्हणाली, "ही अजून तयार नाही."

बूच निघालं. तिने वास घेतला आणि तिचा चेहराच उतरला. मुरांब्यासारखा शिजलेला वास! मग माझ्या बुडाला चिकटलेली पेंढ्याची काडी तिला दिसली. सगळं तिच्या ध्यानात आलं. मला वाटलं, आता सासऱ्यांचं नाव घेते की काय?

"माझं चुकलं. उष्णता लागून ही वाया गेलीये," एवढंच ती बोलली.

"एक बाटली सांभाळता येत नाही, आमचं तळघर काय सांभाळणार? या आपण," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

घरी दत्तोबा दारातच उभे. "पिकली व्हती न्हवं, पोरी?"

निशाचे डोळे भरून आले. "हो मामा. मस्त पिकली होती."

म्हातारा असा खुलला! "मग फुडची आन की. म्या हाय न्हवं पिकवायला!"

मित्रांनो, जीव लावा, जरूर लावा. पण ज्याला लावताय त्याला काय सोसतं, ते एकदा विचारा. दत्तोबांना मात्र यातलं काही सांगू नका. निशाला तेवढं सांगा, मी हात जोडते: बाई गं, कपाटाला कुलूप लाव.