काखेतला पश्चात्ताप

"नाडी थांबली! बाबांची नाडी थांबली!"

सभागृहात एकच गलका झाला. व्यासपीठावर थेंबवाले बाबा दोन्ही हात अंगाशी आवळून बसले होते. डोळे मिटलेले, गालांवर धारा. दवाखान्यातल्या कंपाउंडरने आधी डावं मनगट चाचपलं, मग उजवं, आणि त्याचाच चेहरा पांढराफटक पडला.

पहिल्या रांगेत शिलाईवाली ताई लेकीला कुशीत घेऊन बसली होती. पोरीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. बाबांच्या 'दिव्य थेंबां'नी तो डोळा कायमचा गेला होता. ताईने पोलिसांत तक्रार दिली होती, आणि ती मागे घ्यावी म्हणून आज बाबा चारचौघांत माफी मागत होते.

"पापाने रक्त गोठलं गं, माई! तू क्षमा केलीस तरच वाहील. नाहीतर हा देह चालला!"

चाललेला देह बोलत मात्र खणखणीत होता. पण लक्षात घेतो कोण!

"सही करून टाक बाई," थोरल्या जावेने कोपराने ढोसलं. "माणूस मेला तर तुझ्या माथी येईल."

ताई घाबरली. खरंच घाबरली. चेल्याने पुढे केलेल्या तडजोडीच्या कागदावर सही करायला ती वाकली आणि तिची नजर बाबांच्या काखेकडे गेली. पांढऱ्या झग्यावर पिवळट दोऱ्याची टीप. पांढरं रीळ संपलं म्हणून तिनेच मारलेली! पंधरा दिवसांपूर्वी दुकानात काम आलं होतं: दोन्ही काखांत आतून खिसे, लिंबू मावेल एवढे. "काखेत कोण काय ठेवतं?" म्हणून ती मालकापाशी हसलीही होती.

तिने पेन ठेवलं. "बाबा, हात वर करा."

"त्राण नाही गं..."

गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसा तिने त्यांचा हात उचलला. "कंपाउंडरभाऊ, आता बघा."

"अरेच्चा! लागली की! टणाटण लागली!"

पिशवीतल्या कात्रीने तिने टीप उसवली. लाकडी चेंडू टप्पा खात पहिल्या रांगेपर्यंत घरंगळला.

"काखेतली रक्तवाहिनी दाबली की मनगटाला नाडी लागत नाही," कंपाउंडर ओशाळून म्हणाला. "गळ्यापाशी बोट ठेवलं असतं तरी कळलं असतं. माझंच चुकलं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा.

बाबांनी ताईचे पाय धरले. "आता खरंच पस्तावलो, माई!" पुन्हा धारा. आणि काय सांगावं, मागच्या रांगांतून पुन्हा "च्च, बिचारा!" ऐकू आलं.

"आई, मघाशीही ते असेच रडत होते ना?" पोरीने विचारलं.

ताईने कागद फाडला. "पस्तावलात? चांगलं झालं. उद्या ठाण्यात येऊन तेच सांगा. तिथे मनगट दाखवावं लागत नाही."

लोकहो, रडणाऱ्याची कीव जरूर करा. पण खरा पस्तावलेला माणूस सुटकेच्या कागदावर सही मागत नाही. आधी त्याने काय केलंय ते तपासा. इथे ते पाहायला ना दिव्यदृष्टी लागत होती, ना नाडीपरीक्षा. पोरीच्या डोळ्यावरची पट्टी तेवढी सोडून बघायची होती.