शेळीचा पोळा

तुमचा उजवा हात जरा पुढे करा. कल्पना करा, तुमच्यासमोर एक काळी शेळी उभी आहे. तिच्या डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, हात ठेवा. चांगल्या शेळीची ही जागा दाबली की मळलेल्या कणकेसारखी आत जाते. दाबून बघा. जात नाही ना? ताशाच्या कातड्यासारखी ताणली आहे. आणि करकर असा आवाज येतो आहे, तो शेळी दात खाते आहे त्याचा.

पोळ्याच्या दुपारी कस्तुराबाईंचा हात नेमका तिथेच होता.

"योगे, पळ. चुलीपाशचा माझा फोन आण."

योगिनी ही शेजारच्या उद्धवची मुलगी. नऊ वर्षांची, चौथीतली. एरवी वाऱ्यासारखी पळायची, पण आज तिचे पाय उचलेनात. शेळीला काय झाले आहे ते त्या अंगणात फक्त तिलाच ठाऊक होते.

"बहिरी झालीस का गं? पळ!"

योगिनीने फोन आणून दिला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

कस्तुराबाई झरीजवळच्या एका वाडीतल्या शाळेत खिचडी शिजवायच्या. अठरा वर्षे झाली. मूल ताट पुढे करून उभे राहिले की त्यांचा डाव आपोआप भरून यायचा. पोराने दोन्ही हात ताटावर आडवे धरल्याशिवाय त्या थांबत नसत. आणि तीच बाई गेले बारा दिवस एका उपाशी शेळीला मुठीने चारा घालत होती.

शेळी बन्सीधरची. तो नांदेडला मुलाकडे राहायला गेला आणि शेळी भाच्याच्या भरवशावर ठेवून गेला. भाच्याने ती गावाबाहेरच्या बाभळीला हातभर दोरीने बांधली आणि आठवण आली तर पाणी दाखवले. कस्तुराबाईंना ती दिसली तेव्हा खूर चपलेच्या टोकांसारखे लांब वाढून वळले होते आणि दोरी मानेत रुतली होती. त्यांनी तिथूनच बन्सीधरला फोन लावला. तो म्हणाला, "घिऊन जा बाई. मला तोंड न्हाई बोलायला."

जनावरांच्या जीवन डॉक्टरांनी खूर कापून दिले, मानेला मलम दिले आणि एकच गोष्ट तीन वेळा बजावली. "मावशी, दाणा न्हाई. भाकर न्हाई. उपाशी जनावराचं पोट जड खाणं विसरलेलं असतंय. कडबा अन् बाभळीचा पाला, तोबी थोडा थोडा."

भिंतीपलीकडून दगडाबाई रोज बघायची. तिला बोलल्याशिवाय करमत नसे.

"कस्तुरे, सरकारचे तांदूळ असले की तुझा हात लय मोठा. अन् घरचं आलं की चिमटीनं व्हय?"

"तुझ्या जिभेला चारते की उरलेलं," कस्तुराबाई म्हणायच्या. पण शेळी रिकाम्या टोपल्याला नाक लावून बघायला लागली की त्या घरात निघून जायच्या. हे योगिनीने पाहिले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उद्धवने बैलांचे खांदे तूप-हळदीने मळले आणि दर वर्षीसारखे बैलांच्या कानाशी म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." तो घरात गेल्यावर योगिनीने वाटीतले उरलेले तूप बोटावर घेतले. शेळीच्या मानेवर, दोरीच्या वणाच्या कडेने, ते हलकेच चोळले आणि तिच्याही कानात तेच शब्द सांगितले.

आता तुम्हीच सांगा, आवतन दिलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवायचे असते का?

"काय खाल्लं तिनं?" फोनवर जीवन डॉक्टर विचारत होते. ते सणाला पालमला गेले होते.

"रोजचंच की. पाला अन् कडबा."

"कुणी दाणा, पोळी असलं काय घातलं का?"

"न्हाई व. माझ्याबिगर कोण घालतंय तिला?"

"मग पाल्यानं वायू धरला असंल. गोडं तेल पाजा. पण मावशी, नीट आठवून बघा. दाण्यानं फुगलं असंल तर तेलानं भागत न्हाई. आत आंबायलंय सगळं. अशात वेळ गेला की जनावर हाती लागत न्हाई."

कस्तुराबाईंनी तेलाची बाटली काढली. गल्लीतून हलगी वाजत मारुतीकडे निघाली होती. "योगे, ये की गं, बैल निघाले!" उद्धवची हाक आली. शेळीचे पुढचे पाय दुमडले. ती बसली, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघू लागली आणि कण्हली.

"मावशी, तेल नका देऊ."

"का गं?"

"ती जेवलीय." योगिनीने टोपल्याकडे बोट दाखवले. "पाच पोळ्या. अन् बैलाचा खिचडा. टोपलंभर."

"कुणी दिलं?"

"मी. आवतन दिलतं काल."

योगिनीने डोळे गच्च मिटले आणि गाल पुढे केला. चापट काही आली नाही.

"किती वाजता?" कस्तुराबाईंनी विचारले.

"बैल जेवले तवा."

"म्हंजी दोन तास झाले. फोन लाव परत."

या वेळी डॉक्टरांनी खाण्याचा सोडा सांगितला. किती आणि किती पाण्यात, तेही सांगितले. सकाळी लवकर येतो म्हणाले. योगिनीने शेळीचे तोंड धरले. "वर नको उचलू," कस्तुराबाई म्हणाल्या, "पाणी फुप्पुसात जातंय. सरळ धर. गालाच्या कोपऱ्यातनं घोट घोट जाऊ दे." मग दोघींनी तिला उठवले. एक पुढे, एक मागे, अंगणात फेऱ्या सुरू झाल्या. दर फेरीला कुशीवर हात. ताणलेली. पुन्हा हात. ताणलेली. गल्ली रिकामी झाली, हलगी लांब गेली.

"मरंल का व?" योगिनीने विचारले.

कस्तुराबाईंनी पुन्हा कुशीवर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "मला बी रोज वाटायचं, द्यावी एक भाकर. रोज वाटायचं."

दिवेलागणीला शेळीने ढेकर दिली. आंबट, घाण वासाची. कस्तुराबाई मटकन खाली बसल्या आणि पहिल्यांदा त्यांनी कपाळ पुसले.

सकाळी डॉक्टर आले. इंजेक्शन दिले, कूस दाबून पाहिली. "मऊ झालीय. पण उद्यापर्यंत काय सांगता येत न्हाई. आज कडब्याच्या चार काड्या, बास."

ते गेले आणि दगडाबाई ताट घेऊन आली. ताटात कालच्या तीन पोळ्या होत्या, वर तुपाचा गोळा. मुक्या जनावरावर तिचाही जीव होताच.

"काय झालतं गं कस्तुरे? कायतरी इषारी खाल्लं म्हणायलेत."

"खाल्लं असंल कायतरी," कस्तुराबाई म्हणाल्या. "कुठं बघत बसावं."

"घाल ह्या तिला. ताकद यील."

वास लागताच शेळी धडपडत उठली. तिने दोरी ताणून मान लांब केली. योगिनी मध्ये येऊन उभी राहिली.

"न्हाई द्यायच्या, काकू. काल मीच दिलत्या. त्यानंच फुगली ती."

दगडाबाईचे ताट तसेच हातात राहिले. शेळी मागून योगिनीचा फ्रॉक ओढत होती, बें बें करत होती. योगिनी काल दुपारपासून जेवली नव्हती. तिने ताटातली एक पोळी उचलली, शेळीला दिसू नये म्हणून तिच्याकडे पाठ केली आणि उभ्या उभ्या, भराभर, सगळी खाऊन टाकली.