सूतभर वेग

दिवसभर कानाला हेडफोन लावून मी लोकांना एकच वाक्य ऐकवते, "पुढच्या अपडेटमध्ये नक्की सुधारेल." काय सुधारेल, कधी सुधारेल, मलाही ठाऊक नसतं. पगार त्या 'नक्की'चाच मिळतो. त्यामुळे घरी आल्यावर कुणी आशेच्या गोष्टी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं.

तरी तो हातात मावणारा गेमचा डबा मीच आणला. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलेला माणूस! व्यायामाचा रबरी चेंडू त्यांनी कपाटामागे भिरकावला होता. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणायचे. माझ्या लहानपणी आम्ही दोघं टीव्हीला गेम जोडून गाड्यांची शर्यत खेळायचो. ते मशीन कधीच मेलं. त्याचं हुबेहूब सोंग आणणारा प्रोग्राम, एम्युलेटर, या डब्यात चालतो असं वाचलं होतं.

सगळी सोंगं आणता येतात, वेगाचं येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसायचा, मूळ वेगाच्या पन्नास टक्के. गाडी चिखलातून चालल्यासारखी आणि गाणं रडत रडत. मी वैतागले, पण बाबा खेळत राहिले. वळण आलं की त्यांचा अंगठा सावकाश उठायचा, बटणावर टेकायचा आणि गाडी वळायची. महिन्याभरात त्यांनी शर्टाचं एक बटण स्वतः लावलं.

"हुरळून जाऊ नका," व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या. "जेवढा येईल तेवढा हात आपला."

पण हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी! रविवारची अख्खी दुपार घालवून मी प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली. शंभर टक्के. गाणं अगदी पूर्वीसारखं वाजलं. मी ऐटीत डबा बाबांच्या हातात दिला.

पहिल्याच वळणावर गाडी भिंतीला धडकली. दुसऱ्यांदा धडकली. तिसऱ्यांदा अंगठा उठेपर्यंत शर्यत संपलीही होती.

"छान झालंय," म्हणत त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि उजवा हात चादरीखाली घेतला. तीन दिवस तो बाहेर आला नाही. शर्टाचं ते एक बटणही पुन्हा मीच लावू लागले. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

बुधवारी कामावरून आले ती पर्ससकट बसले आणि वेग परत पन्नासवर बांधून टाकला.

"बाबा, बिघडलं हो पुन्हा. जुना गेम आहे, असाच चालायचा." ऑफिसातलाच आवाज लागला माझा.

त्यांनी डबा कानाशी धरला. गाणं रडत होतं.

"लेथवाल्याला वेग शिकवतेस होय गं? तू कमी केलायस."

मी मान खाली घातली. आता डबा भिंतीवर आदळणार, असंच वाटलं.

"पन्नास फार कमी," ते म्हणाले. "आणि शंभर आता जमायचं नाही. सूतभर वाढव."

मी त्रेपन्न केलं. चादरीखालून हात निघाला. पहिल्या वळणाला गाडी भिंतीला घासली. मी घाईने वेग कमी करायला हात पुढे केला.

"राहू दे," बाबा म्हणाले.