खऱ्या नकलेचा शिक्का

मित्रांनो, परवाना कार्यालयातल्या टेबलावर शाईने माखलेला जो जुना शिक्का दिसतो ना, तो मी. एका कारागिराने माझी लाकडी मूठ घासून गुळगुळीत केली आणि तळाला रबराची अक्षरे चिकटवली, ‘खरी नक्कल’. मी उमटलो नाही तर कोर्ट कागदाकडे ढुंकूनही पाहत नाही. जुने कारकून कौतुकाने मला ‘साहेबांचे साहेब’ म्हणत. मीही फुगून जाई.

मग मावशी आल्या. त्या पाळणाघर चालवत. तिथले एक मूल पडले, कपाळाला खोक पडली आणि आमच्या साहेबांनी मावशींचा परवाना रद्द केला. खरे तर चौकशीत मुलाच्या आईनेच सांगितले होते, "पोर माझ्या हातून सुटलं, फाटकाबाहेर." पण साहेबांनी ते मनावर घेतले नाही. मावशी कोर्टात गेल्या. कोर्टाने सांगितले, चौकशीच्या सगळ्या कागदांची खरी नक्कल महिन्याभरात हजर करा.

कारकुनाने पाने मोजून फी सांगितली. मावशी मटकन बाकावर बसल्या.

"अहो, चौकशीतलं माझंच बोलणं मी विकत घ्यायचं?"

"बोलणं तुमचं, मावशी. कागद सरकारी."

"माफ नाही का होत?"

"होते की. गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा दाखला आणा."

गेल्या वर्षी पाळणाघर चालू होते. दाखल्यावर उत्पन्न दिसले आणि अर्ज फेटाळला गेला.

मावशींनी पाळणे विकले, भावाकडून उसने आणले. पैसे भरल्यावर कारकुनाने मला पानापानावर आपटले. नक्कल पोटाशी धरून त्या कोर्टात धावल्या आणि तासाभरात परत आल्या.

"मुदत टळली म्हणाले. कुणी पान उलटूनसुद्धा बघितलं नाही. निदान पैसे तरी परत द्या."

"नक्कल मिळाली ना? मग परत कसले?"

मावशींनी उभ्या उभ्या त्या आईचा जबाब वाचून काढला. मग कारकुनालाच विचारले, "तुमच्याकडे झाडलोटीला बाई लागते का हो?"

आता त्या रोज सकाळी हेच टेबल पुसतात. मला उचलतात, खालचा डाग पुसतात आणि आवाज न करता परत ठेवतात. मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी इथल्या खुर्चीत बसेल. मला जपू नका. शाई धरेनासा झालो की खुशाल फेकून द्या. पण ज्याची रोजीरोटी बंद कराल, त्याचे कागद आधी त्याच्या हातात द्या. फीचे मग बघा.